पप जॉइंट: विहिरीतल्या आखूड पाइपचं काम पहिल्यांदा हाती घेताना

तेलविहिरीत उतरवायच्या ट्युबिंगचा, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीचा, एक पूर्ण जॉइंट (एक अखंड पाइप) साधारण साडेनऊ मीटरचा असतो. विहीर मात्र साडेनऊच्या पाढ्यात खोदलेली नसते. खाली पॅकर, म्हणजे नळीभोवतीची जागा बंद करणारं उपकरण, ठरावीक खोलीवर बसलेला असतो, वर वेलहेडमध्ये (विहिरीच्या तोंडाशी) नळी ज्याला टांगतात त्या हँगरची बैठक ठरावीक जागी असते आणि या दोन टोकांमध्ये नळी नेमकी बसवायची असते. पूर्ण जॉइंट लावत गेलं की शेवटी कधी तीन मीटर उरतात, कधी आठ. हे उरलेलं अंतर भरून काढायला जे पोलादी तुकडे वापरतात, ते पप जॉइंट. पप म्हणजे पिल्लू. रिगवर सगळे नुसतं ‘पप’ म्हणतात.

मुंबई हाय परिसरात विहिरी पूर्ण करण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामावर मी बरीच वर्षं काढली. न्हाव्याच्या तळावरून साहित्य जहाजात चढवण्यापासून ते रिगच्या फ्लोअरवर हँगर बसवण्यापर्यंत सगळ्या टप्प्यांवर मी नव्या मुलांना एकच चूक करताना पाहिलं आहे. मोठ्या पाइपकडे ते काळजीने बघतात आणि पपला भंगारातला तुकडा समजतात. पपवरही तोच दाब येतो, त्यालाही खालच्या सगळ्या नळीचं वजन पेलायचं असतं आणि त्याची लांबी चुकली तर अख्खी मांडणी चुकते. नव्याने ट्रेनी म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी, पाइप यार्डात तपासणीचं काम करणाऱ्यांसाठी आणि पहिल्यांदाच टॅलीची, म्हणजे विहिरीत जाणाऱ्या प्रत्येक पाइपची लांबी नोंदवायची, वही हातात आलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी पप ओळखा

ट्युबिंग आणि केसिंगचे (विहिरीच्या भिंतीला आधार देणाऱ्या बाहेरच्या मोठ्या पाइपचे) पप अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय ५-सीटी या मानकाप्रमाणे २, ३, ४, ६, ८, १० आणि १२ फूट लांबीचे मिळतात. या लांबीत ३ इंच कमी-जास्त चालतं. ही सूट लक्षात ठेवा, पुढे हिशेबात ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

रॅकवर पपच्या शेजारी त्याच्यासारखेच दिसणारे इतर तुकडे पडलेले असतात. फ्लो कपलिंग बाहेरून पपसारखंच दिसतं, पण त्याची भिंत जाड असते. प्रवाह जिथे खळखळतो, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हच्या वर-खाली, तिथली झीज सोसायला ते बसवतात. ब्लास्ट जॉइंट केसिंगमधल्या छिद्रांसमोर येतो, कारण जलाशयातून जोरात येणारी वाळू आणि वायू त्याच्यावर आदळतात. क्रॉसओव्हर म्हणजे दोन टोकांना दोन वेगळे आटे असलेला तुकडा. भोकं पाडलेला पपही असतो, तो नळीच्या अगदी तळाशी जातो. ‘तो छोटा पाइप आणा’ असं म्हणून यातलं काहीही उचलून आणणं हा नव्या माणसाच्या हातून हमखास होणारा घोटाळा आहे. नाव घेऊन मागा, आणि आलेल्या तुकड्यावरचं लिखाण वाचूनच तो स्वीकारा.

ड्रिल पाइपचे पप हा वेगळाच प्रकार. त्यांना सुटं कपलिंग, म्हणजे दोन पाइप जोडणारी आटेदार बाही, नसतं. दोन्ही टोकांना टूल जॉइंट, म्हणजे पाइपचंच जाड जोडतोंड, असतो आणि आटे पूर्ण वेगळे असतात. खोदाई करताना ब्लोआउट प्रिव्हेंटरचे, म्हणजे विहीर उसळली तर ती बंद करणाऱ्या यंत्राचे, रॅम (जबडे) टूल जॉइंटवर नाही तर पाइपच्या सरळ भागावर मिटायला हवेत, त्यासाठी नळी थोडी वर-खाली सरकवायला हे पप कामी येतात. या लेखात पुढे त्यांचा विचार केलेला नाही.

यार्डातली तपासणी

पप हातात आला की पहिलं काम म्हणजे त्याच्यावरची अक्षरं वाचणं. उत्पादकाचं नाव, व्यास, प्रति फूट वजन, ग्रेड आणि हीट नंबर पाहा. हीट नंबर म्हणजे पोलाद वितळवून ज्या खेपेत ओतलं गेलं तिचा क्रमांक, आणि तो सोबतच्या प्रमाणपत्राशी जुळला पाहिजे. प्रमाणपत्र एका हीटचं आणि माल दुसऱ्या हीटचा असेल तर तो पप बाजूला काढा. पप चांगला दिसतो, हा पुरावा नाही.

मग ग्रेड. जे-५५, एल-८०, एन-८०, पी-११० यांतला आकडा म्हणजे पोलाद कायमचं वाकू-ताणू लागण्याआधी किमान किती ताण सोसतं ते, हजार पाउंड प्रति चौरस इंचात. ओळखायला रंगाचे पट्टे असतात. जे-५५ वर एक हिरवा, एन-८० वर एक लाल, एल-८० वर एक लाल आणि एक तपकिरी, पी-११० वर एक पांढरा. पण उन्हापावसात आणि खाऱ्या वाऱ्यात रंग उडतो, कधी कुणी वरून दुसराच रंग मारलेला असतो. पट्टा फक्त इशारा समजा, खात्री कोरलेल्या अक्षरांवरून करा.

इथे एक धोका सांगायलाच हवा. ‘जास्त मजबूत पप लावला तर काय बिघडलं?’ असं नवी मुलं विचारतात. बिघडतं. जिथे वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, तिथे कठीण पोलादाला आतून तडे जातात आणि ते इशारा न देता तुटतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वसईच्या समुद्रातल्या क्षेत्रातला वायू असाच आंबट आहे. एल-८० मध्ये कडकपणावर वरची मर्यादा घातलेली आहे, रॉकवेल सी मापात २३, ती याचसाठी. नळी एल-८० ची असेल तर पपही एल-८० चाच. पी-११० चा पप सहज हाताशी आहे म्हणून तो मध्ये घुसडायचा नाही.

त्यानंतर आटे. ३½ इंची ट्युबिंगमध्ये ईयूई (टोक बाहेरून जाड केलेल्या पाइपच्या) आट्यांचे इंचाला ८ फेरे असतात आणि एनयूईचे (टोक जाड न केलेल्या पाइपचे) १०. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. हाताने एक-दोन फेरे बसतातही, आणि मग पॉवर टाँगने, म्हणजे पाइप आवळायच्या यांत्रिक पान्याने, जोर दिला की दोन्ही टोकांची वाट लागते. आट्यांची गेज खिशात ठेवा. ती लावायला दहा सेकंद लागतात.

साठवणीचं ग्रीस पुसून काढा, आटे डिझेलने आणि ब्रशने स्वच्छ करा, कोरडे करा. मग बोटाचं नख फिरवा. आट्याचा माथा कुठे दबलेला, खरचटलेला असेल तर तो नखाला डोळ्याआधी कळतो. तपासून झालं की प्रोटेक्टर लगेच परत लावा. पप आखूड असल्यामुळे तो उभा करून ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. पडला की बहुधा आट्यांवरच पडतो, किंवा कुणाच्या तरी पायावर. ३½ इंची, फुटाला ९.३ पाउंडाचा १२ फुटी पप ५० किलोच्या आसपास भरतो.

ड्रिफ्ट

नळीच्या आतून पुढे वायरलाइनची, म्हणजे तारेवरून सोडायची, अवजारं जाणार असतात, म्हणून ठरलेल्या व्यासाचा दांडा आरपार जातो का ते पाहायचं. रिगवर त्याला रॅबिट म्हणतात. ३½ इंची ९.३ पाउंड ट्युबिंगचा आतला व्यास २.९९२ इंच आणि ड्रिफ्ट २.८६७ इंच. २⅞ इंची ६.५ पाउंडात हेच आकडे २.४४१ आणि २.३४७ आहेत. ट्युबिंगचा ड्रिफ्ट ४२ इंच लांब असतो, म्हणजे २ आणि ३ फुटी पपपेक्षा लांब. त्यामुळे काही जण छोटे पप तपासायचं टाळतात, किंवा हाताशी असलेला आखूड दांडा टाकून मोकळे होतात. तसं करू नका. दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर आला तरी पूर्ण लांबीने सरकवा. कपलिंग जादा आवळलं गेल्यामुळे पिनचं (कपलिंगमध्ये शिरणाऱ्या, बाहेरून आटे असलेल्या टोकाचं) तोंड आत दबलेलं असतं, ते इथेच सापडतं.

मोजणी, आणि एका रात्रीची गोष्ट

पपची लांबी कपलिंगच्या तोंडापासून पिनच्या टोकापर्यंत मोजायची. पण जोडल्यावर पिनचा काही भाग खालच्या कपलिंगमध्ये शिरतो आणि तेवढी लांबी विहिरीत मोजली जात नाही. याला मेकअप लॉस म्हणतात. ईयूई आट्यांसाठी २⅞ इंचीत तो २⅛ इंच, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर, आणि ३½ इंचीत २⅜ इंच, सुमारे ६० मिलिमीटर. पूर्ण जॉइंटच्या साडेनऊ मीटरमध्ये ६ सेंटिमीटर किरकोळ वाटतात. २ फुटी पपमध्ये तो जवळपास दहावा हिस्सा आहे.

मोजलेली लांबी, वजा मेकअप लॉस, बरोबर उपयोगी लांबी. हे तिन्ही आकडे टॅलीत तीन रकान्यांत लिहा आणि पपच्या अंगावर ऑइल पेंटने क्रमांक व उपयोगी लांबी टाका. टॅली मीटरमध्ये असेल तर पपही मीटरमध्येच मोजा. ‘१० फुटी पप म्हणजे ३.०५’ असं गुणून लिहिलेला आकडा टॅलीत दिसला तर तो पप कुणी मोजलेलाच नाही, हे समजून घ्या. दोन माणसांनी मोजावं, एकाने टेप धरावी, दुसऱ्याने वाचावं, मग जागा बदलून पुन्हा.

हे इतकं ठासून सांगण्यामागे एक अनुभव आहे. एका विहिरीवर आम्ही नळी उतरवली आणि ती हिशेबापेक्षा जवळजवळ पावणेदोन मीटर आधीच टेकली. पॅकरवर गाळ साचला असेल असं वाटून तासन्‌तास द्रव फिरवला. पॅकरच वर सरकला की काय, अशीही शंका आली. पहाटे आमच्यातल्या एका जुन्या माणसाने स्लाइडिंग स्लीव्हच्या (नळीच्या बाजूची भोकं उघडझाप करणाऱ्या उपकरणाच्या) जोडणीचा फोटो मागितला. वर्कशॉपमधून ती जोडणी आली तेव्हा तिच्या डोक्यावर हाताळणीसाठी एक ६ फुटी पप लावलेला होता. मी जोडणीची लांबी कागदावरून टॅलीत उतरवली होती, टेप लावली नव्हती. कागदात पप नव्हता. नळी टॅलीपेक्षा लांब होती, म्हणून लवकर टेकली, एवढीच गोष्ट. त्या दिवसापासून वर्कशॉपमधून जोडून आलेली प्रत्येक वस्तू मी डेकवर स्वतः मोजतो, तिच्यासोबत कितीही सह्यांचा कागद आलेला असो.

स्पेस-आउटचा हिशेब

नळी दोन टोकांमध्ये नेमकी बसावी म्हणून तिची लांबी जुळवणं म्हणजे स्पेस-आउट. पपचं खरं काम इथे आहे. एक उदाहरण आकड्यांनिशी करू, वहीत सोबत लिहीत जा.

समजा ३½ इंची ट्युबिंग सील असेंब्लीसह, म्हणजे पॅकरच्या आत शिरून गळती रोखणाऱ्या भागासह, उतरवली आहे आणि १६८ वा जॉइंट लावल्यावर खालचा लोकेटर, म्हणजे पॅकरच्या तोंडावर अडणारा खांदा, पॅकरवर टेकला. वजनाच्या काट्यावर एक-दोन टन उतरलेले दिसले. आता नळी हलकेच उचला, काटा पूर्ण वजनावर येईल तिथे थांबा आणि रोटरी टेबलच्या (रिगच्या फ्लोअरवरच्या, पाइप ज्यातून खाली जातो त्या भागाच्या) पातळीवर पाइपला खडूची खूण करा. नळीवर वजन टाकलेलं असताना खूण करू नका. दबलेली नळी थोडी आखडलेली आणि पिळवटलेली असते, तेवढी चूक हिशेबात शिरते.

खूण १६८ व्या जॉइंटवर, १६७ च्या कपलिंगपासून ४.१० मीटर वर आली. रोटरी टेबलपासून हँगरच्या बैठकीपर्यंतचं अंतर २१.४० मीटर. लोकेटर पॅकरच्या १.०० मीटर वर राहावा असं ठरलं आहे. का, ते पुढे सांगतो. हँगर आणि त्याच्या खाली आधीच जोडलेला पप मिळून बैठकीखालची उपयोगी लांबी २.१० मीटर.

नळी एक मीटर वर राहणार, म्हणजे हँगर बसल्यावर ती खूण रोटरीच्या १.०० मीटर वर असती. हँगरची बैठक रोटरीच्या २१.४० मीटर खाली. म्हणून बैठकीची जागा खुणेपासून २२.४० मीटर खाली येते. त्यात हँगरखालचे २.१० मिळवले की २४.५० मीटर. ट्युबिंगचं वरचं तोंड खुणेपासून इतकं खाली हवं.

आता काढायला घ्या. १६८ चे खुणेखालचे ४.१०, १६७ चे ९.५२ आणि १६६ चे ९.४४ मिळून २३.०६ झाले. अजून १.४४ मीटर खाली जायचं आहे, म्हणून १६५ वाही काढावा लागेल. तो ९.४८ चा, एकूण ३२.५४. हे गरजेपेक्षा ८.०४ मीटर जास्त झालं. तेवढे पप भरायचे.

घाईत असलेला माणूस काय करतो? ८.०४ मीटर म्हणजे २६.४ फूट, मग १२, १२ आणि २ फुटी पप, झालं २६ फूट. रॅकवरच्या पपांची उपयोगी लांबी मात्र अशी मोजली आहे: १२ फुटी दोन, ३.६४ आणि ३.६१, ३ फुटी ०.८५, २ फुटी ०.५५. त्याचे तीन पप मिळून ७.८० मीटर भरतात, २४ सेंटिमीटर कमी. दोन फुटीच्या जागी ३ फुटी घेतला तर ८.१० होतात, फक्त ६ सेंटिमीटर जास्त. लोकेटर १.०० ऐवजी ०.९४ मीटर वर राहील. हे चालतं.

एवढ्या सेंटिमीटरांचा विचार का करायचा, तर उष्णतेमुळे. तेल वाहू लागलं की नळी तापते आणि लांबते. १५०० मीटर नळीचं सरासरी तापमान ३० अंशांनी वाढलं तर ती सुमारे ५५ सेंटिमीटर लांबते. ती वाढ सामावून घ्यायला पॅकरवर मोकळी जागा हवी. उलट, विहीर शांत करायला थंड द्रव आत सोडला की नळी आखडते आणि सील वर सरकतात. आधीच नळी हवी त्यापेक्षा वर बसलेली असेल तर सील पॅकरमधून निसटायला तेवढी कमी ओढ पुरते. किती जागा सोडायची हे विहिरीच्या रचनेप्रमाणे इंजिनिअर ठरवतो, तो आकडा स्वतःहून बदलू नका.

दोन गोष्टी माझ्या अनुभवातून. पप जितके कमी तितकं बरं, कारण प्रत्येक पप म्हणजे गळतीला आणखी एक जागा. तीनमध्ये काम होत असेल तर दहा सेंटिमीटर साधायला पाच लावू नका. रॅकवर एखादा नेहमीपेक्षा आखूड पूर्ण जॉइंट असेल तर आधी तो वापरून पाहा, पपांची संख्या घटते. आणि लांबी भरायचे हे पप थेट हँगरच्या जोडणीखाली लावू नका. वरच्या उदाहरणात १६४ वाही काढा, त्या जागी पप लावा आणि १६४ परत वर चढवा. बेरीज तीच राहते, पण हँगर बसवताना एलिव्हेटर (पाइप उचलणारी पकड) आणि स्लिपच्या (फ्लोअरवर पाइप अडकवून धरणाऱ्या पाचरींच्या) मध्ये काम करायला सरळ, लांब पाइप मिळतो.

हिशेब झाला की तो दुसऱ्या माणसाकडून कोऱ्या कागदावर करून घ्या. तुमचा कागद त्याला दाखवू नका.

जोडणी

फ्लोअरवर आखूड पप हाताळणं हे लांब पाइपपेक्षा जास्त धोक्याचं असतं. पप लावला की कपलिंग स्लिपच्या अगदी जवळ येतं, हात ठेवायला जागा उरत नाही, आणि बोटं चिरडण्याचे प्रसंग याच वेळी येतात. शक्य असेल तिथे पप आधीच वर्कशॉपमध्ये एकमेकांना जोडून, दाब देऊन तपासून आणा. ते जमलं नाही तर उचलण्यासाठी वरच्या टोकाला योग्य लिफ्टिंग कॅप लावा. दोरीचा फास टाकून पप उचलणाऱ्याला थांबवा, तो कितीही ज्येष्ठ असला तरी. ‘साहेब, एक मिनिट’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

डोप, म्हणजे आट्यांना लावायचं वंगण, पिनवरच लावा, पातळ आणि सगळीकडे सारखा. कपलिंगच्या आत थापलेला डोप जोडताना आतल्या बाजूला ढकलला जातो, खाली जाऊन निपलमध्ये (अवजारं अडकवायच्या खाचेत) किंवा व्हॉल्व्हवर साचतो आणि वायरलाइनवाल्यांचा दिवस खातो.

सुरुवातीचे फेरे हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने द्या. तिथेच आटे अडले तर उलटे फिरवून सोडवा, साफ करा, पुन्हा बसवा. मग पॉवर टाँग. ३½ इंची ९.३ पाउंड जे-५५ ईयूईसाठी योग्य टॉर्क २२८० फूट-पाउंड, किमान १७१० आणि कमाल २८५०. २⅞ इंची ६.५ पाउंड जे-५५ साठी योग्य टॉर्क १६५०. ग्रेड बदलला की आकडा बदलतो, आणि प्रीमियम आट्यांचे आकडे फक्त त्यांच्या उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यायचे. टॉर्क पूर्ण झाला पण पिनचे बरेच आटे बाहेरच राहिले, किंवा पिन पूर्ण आत गेली तरी टॉर्क चढलाच नाही, तर दोन्ही वेळा उघडून पाहा. खालचा भाग स्थिर धरणारी बॅकअप टाँग नीट पकडलेली नसेल तर खालचा जोडही सोबत फिरतो आणि गेजवरचा आकडा खोटा ठरतो. आखूड तुकड्यांच्या बाबतीत हे वारंवार घडतं.

केसिंगमधला आखूड जॉइंट

केसिंगमध्ये आखूड जॉइंटचं आणखी एक सुंदर काम आहे. सिमेंट झाल्यावर जलाशयासमोर छिद्रं पाडायची असतात, आणि ती बरोबर खोलीवर पडायला हवीत. छिद्रांची गन तारेवर खाली जाते तेव्हा तिच्यासोबतचं एक चुंबकीय उपकरण केसिंगची कपलिंगं मोजत जातं. नेहमीची केसिंग बारा मीटरच्या आसपास असते, म्हणून आलेखावर सारख्या अंतराने टोकं दिसतात, आणि त्यांतलं कुठलं कपलिंग नक्की कुठलं हे सांगता येत नाही. म्हणून जलाशयाच्या थोडं वर मुद्दाम एक आखूड जॉइंट बसवतात. आलेखावर दोन टोकं जवळजवळ आली की तो मार्कर सापडला, आणि खडकांच्या गॅमा-रे आलेखाशी जुळवून खोली पक्की करता येते. केसिंग उतरवताना हा जॉइंट ठरलेल्या क्रमांकावरच गेला ना, हे फ्लोअरवर उभं राहून पाहा. एक जॉइंट मागे-पुढे झाला तर लगेच कळवा. जागा चुकल्याचं दडवलेला मार्कर नसलेल्या मार्करपेक्षा वाईट, कारण लॉगिंगचे लोक त्याच्यावर विसंबून गन उडवतात.

काम संपल्यावर

हँगर बसला, लॉकडाउन स्क्रू आवळले, अ‍ॅन्युलसची (ट्युबिंग आणि केसिंगमधल्या पोकळीची) दाबचाचणी पार पडली की अंतिम टॅली लिहायची. प्रत्येक पपचा क्रमांक, ग्रेड, आटे, उपयोगी लांबी आणि नळीतली जागा नोंदवा. हाताळणीसाठी म्हणून लावलेले आणि विहिरीत राहिलेले पपही नोंदवा. मग रॅकवर जा आणि उरलेले पप मोजा. आणलेले, वजा विहिरीत गेलेले, बरोबर उरलेले. आकडा जुळला नाही तर जहाज निघण्याआधी शोधा, कारण एखादा पप टॅलीत न लिहिता विहिरीत गेलेला असू शकतो. दहा-पंधरा वर्षांनी ही विहीर दुरुस्तीला येईल तेव्हा नळी कुठे कापायची, हे त्या वेळची माणसं तुमच्या या कागदावरून ठरवतील. उरलेल्या पपांना प्रोटेक्टर लावा, आट्यांना साठवणीचं ग्रीस लावा, लांबी लिहिलेली बाजू वर ठेवून क्रेटमध्ये आडवे बांधा आणि न्हाव्याला परत पाठवायच्या यादीत त्यांची नोंद करा.